फ्रीज बंद पडण्याआधी

आंबवडे म्हटले की आपल्या अनेक वाचकांना बाबासाहेबांचे मूळ गाव आठवते. ते गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. आम्ही ज्या आंबवड्याविषयी लिहीत आहोत ते पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातले. झुलत्या पुलाचे, भातशेतीचे, आणि घरटी एक तरी माणूस पुण्या-मुंबईला कामाला असलेले गाव. या गावातल्या आमच्या घरात चार वर्षांपूर्वी मे महिन्यात एक साधी घटना घडली. रात्री फ्रीजचा आवाज थांबला आणि सकाळी खाली पाणी साचले. फ्रीज चौदा वर्षांचा होता. दुरुस्तीवाल्याने पाहिले, कॉम्प्रेसर गेला म्हणाला, आणि या जुन्या मशीनवर पैसे घालू नका असेही सांगून गेला.

दूध नासले, भाजी सुकली, त्याचे काही वाटले नाही. पण त्या फ्रीजच्या दारात आईचे इन्सुलिन होते. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. मे महिन्यातले पत्र्याचे घर आणि महिनाभराचा साठा! आईने न डगमगता इन्सुलिन पिशवीत बांधून ओल्या फडक्यात गुंडाळले आणि माठाशेजारी मडक्यात ठेवले. "वकीलसाहेब, आता दोन दिवसांत काय ते बघा," एवढेच ती म्हणाली. आणि वकीलसाहेबांच्या खिशात त्या दिवशी फ्रीजचे पैसे नव्हते.

आम्ही तालुक्याच्या गावी दुकानात गेलो. दुकानदार रोखीने १६,८०० म्हणाला. हप्त्याने घेतला तर व्याज शून्य, फक्त १८,००० रुपये, बारा महिने दीड-दीड हजार. वर ७०० रुपये प्रक्रिया शुल्क. आम्ही सही केली. मधल्या एका महिन्यात पक्षकाराकडून फी आली नाही, खात्यात शिल्लक नव्हती, हप्ता परत गेला आणि ५०० रुपये दंड बसला. म्हणजे १६,८०० चा फ्रीज आम्हाला १९,२०० ला पडला. ज्याला शून्य व्याज म्हणतात त्या शून्याची किंमत २,४०० रुपये होती. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाची ही अवस्था, तर रोजंदारीवर जाणाऱ्या आमच्या बांधवांचे काय होत असेल?

हा प्रश्न केवळ आमच्या घरचा असता तर या स्तंभाची जागा आम्ही अडवली नसती. न्यायालयाच्या आवारात आम्ही रोज जे पाहतो त्याने हा विषय लिहायला भाग पाडले. चेक परत गेला म्हणून नोटीस, बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला म्हणून नोटीस. कागद उघडून पाहिले तर मुळाशी काय असते? कुठे टीव्ही, कुठे वॉशिंग मशीन, कुठे मोबाईल. पंधरा-वीस हजारांच्या वस्तूपायी माणूस कोर्टाची पायरी चढतो, एक दिवसाची मजुरी बुडवतो आणि गावात मान खाली घालून फिरतो. हे वास्तव नाकारून चालणार नाही.

येथे काही जण लगेच म्हणतील की मग ह्या वस्तू घ्यायच्याच कशाला? आमच्या बापजाद्यांनी फ्रीजशिवाय दिवस काढलेच ना? हा उपदेश आम्हाला मान्य नाही. गरिबाने गरिबासारखे राहावे हा विचार ज्या व्यवस्थेने आपल्याला शिकवला, तिच्याविरुद्धच आपली चळवळ उभी आहे. भोर तालुक्यातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला विचारा. आषाढ-श्रावणात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. ओढ्यावर धुणे घेऊन जाणारी बाई कंबर धरून घरी येते. वॉशिंग मशीन ही तिच्या दृष्टीने चैन नव्हे, दिवसातल्या दोन तासांची सुटका आहे. त्या दोन तासांत ती बचत गटाच्या बैठकीला जाऊ शकते, मुलीचा अभ्यास घेऊ शकते, विहारात जाऊ शकते.

हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याकडे होता. १९४३ साली वीज विकासाच्या धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि वीज स्वस्त व मुबलक असली पाहिजे ही भूमिका त्यांनी तेथे मांडली. विजेवर चालणारे यंत्र माणसाला पशूसारख्या कष्टातून सोडवते ही त्यामागची दृष्टी होती. तेव्हा यंत्र घरात यावे, जरूर यावे. आमचा प्रश्न एवढाच आहे की ते कुणाच्या पैशाने यावे, आपल्या की सावकाराच्या?

आपली खरी चूक कोठे होते ते पाहू. वस्तू घेताना आपण हिशेब करतो, पण ती वस्तू एक दिवस मरणार आहे याचा हिशेब करीत नाही. कारखानदार करतो. त्याच्या हिशेबाच्या वहीत घसारा नावाचे एक खाते असते. दहा वर्षे चालणारे यंत्र त्याने घेतले की दरवर्षी त्याच्या किमतीचा दहावा भाग तो खर्चात धरतो. शहाणा कारखानदार तेवढी रक्कम बाजूलाही टाकतो, म्हणजे यंत्र मोडेल त्या दिवशी नवे घ्यायला पैसा तयार असतो. कारखान्याला जे कळते ते घराला का कळू नये? स्वयंपाकघर हाही एक कारखानाच आहे. फक्त तिथल्या कामगार स्त्रीला पगार नाही.

एका साध्या घराचा हिशेब मांडून बघू. किमती आणि आयुष्य ढोबळ धरले आहेत, वाचकांनी आपापल्या घरचे आकडे घालावेत. फ्रीज १८,००० रुपयांचा, बारा वर्षे चालला तर महिन्याला १२५ रुपये. टीव्ही १५,००० चा, दहा वर्षे, महिन्याला १२५. वॉशिंग मशीन १२,००० चे, दहा वर्षे, १०० रुपये. मिक्सर ३,००० चा, पाच वर्षे, ५० रुपये. तीन पंखे मिळून ६,०००, दहा वर्षे, ५० रुपये. आणि मोबाईल १२,००० चा, चार वर्षे, २५० रुपये. बेरीज महिन्याला ७०० रुपये. नजर टाका, सर्वात महाग वस्तू कोणती निघाली? फ्रीज नव्हे, टीव्ही नव्हे, आपल्या खिशातला मोबाईल! हिशेब मांडल्याशिवाय ही गोष्ट डोळ्यांपुढे येत नाही.

हे ७०० रुपये डब्यात टाकू नका. आमच्या आया-बहिणी तांदळाच्या डब्यात, डाळीच्या डब्यात पैसे ठेवीत आल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या आणि वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवलेली ती पुंजी एका रात्रीत उघड्यावर आली. डब्यातल्या पैशाला दुसरीही एक वाळवी असते, ती महागाईची. रुपयाची खरी किंमत त्याच्या खरेदीच्या शक्तीत असते आणि ती शक्ती स्थिर राहिली पाहिजे हा विचार बाबासाहेबांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात मांडला. तो ग्रंथ आपण मिरवणुकीत मिरवतो, पण त्याचा अर्थ आपल्या तांदळाच्या डब्यापर्यंत आपण नेला नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

टपाल खात्याची आवर्ती ठेव पाहा. महिन्याला किमान १०० रुपयांपासून ती उघडता येते. मुदत पाच वर्षांची. ऑक्टोबर २०२३ पासून तिचा व्याजदर ६.७ टक्के ठरला. त्या दराने महिन्याला ७०० रुपये पाच वर्षे भरले तर भरणा होतो ४२,००० आणि हाती येतात जवळजवळ ५०,०००. बारा हप्ते नियमित भरले की शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळते, म्हणजे मध्येच मिक्सर जळाला तर ठेव मोडावी लागत नाही. जवळच्या पतसंस्थेत चार आणे जास्त व्याज मिळते म्हणून सगळा पैसा तिथे नेणाऱ्यांना एक कायदेशीर गोष्ट सांगून ठेवतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही.

आता दुसरी बाजू मांडू. तेच १८,००० रुपये तुम्ही कर्जाने आणले. सावकार शेकडा पाच रुपये महिना मागतो. ऐकायला पाच रुपये, पण वर्षाला ते ६० टक्के होतात. दर महिन्याला ९०० रुपये नुसते व्याज. वर्षभरात १०,८०० भरूनही मुद्दल १८,००० जागच्या जागी उभे! फायनान्सवाला सभ्य भाषेत बारा टक्के सांगतो, पण ते बारा टक्के पूर्ण रकमेवर पूर्ण वर्षाचे लावतो. १८,००० वर २,१६० व्याज, महिना १,६८० चा हप्ता. मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, व्याज मात्र कमी होत नाही. त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. शून्य टक्क्याच्या योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना ताकीद दिली होती, कारण त्यात व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल होते आणि गिऱ्हाईक फसते. नाव बदलून तोच खेळ आजही चालू आहे. रोखीच्या गिऱ्हाइकाला जी सूट मिळते ती हप्त्याच्या गिऱ्हाइकाला नाकारली जाते. तीच सूट म्हणजे व्याज.

म्हणून कर्ज घ्यायची वेळ आलीच तर काही हक्क माहीत असू द्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर ठळक माहितीचे एक पत्रक कर्जदाराला, त्याला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक झाले आहे. सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर किती ते त्यात लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी ते मागा. वसुलीचा माणूस सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही. आणि विनापरवाना सावकारी करणाऱ्याला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही शासनाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. १९३८ साली मुंबई प्रांतात सावकारांना लगाम घालण्यासाठी विधेयक तयार करणारे बाबासाहेब होते. आणि आज त्यांच्याच लेकरांनी शेकडा पाचने पैसे उचलावेत?

आता प्रामाणिकपणे एका आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे. हा लेख वाचून बौद्धवाडीतली एखादी ताई विचारील, "दादा, महिन्याला सातशे रुपये तुमच्याकडे असतील. आमच्याकडे भात निघाल्यावर पैसा दिसतो आणि माघात संपतो. आम्ही काय बाजूला टाकायचे?" हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर प्रवचन देण्याचा अधिकार आम्हाला नाही. ज्या घरात औषध आणि वहीपुस्तकाची तजवीज होत नाही त्या घराला बचत शिकवणे ही क्रूर थट्टा आहे. तिथे प्रश्न मजुरीचा आहे, रोजगाराचा आहे, आणि तो लढा चळवळीने रस्त्यावरच लढला पाहिजे. बचतीचे कौतुक करून सरकारला त्या जबाबदारीतून मोकळे करायला आम्ही तयार नाही.

पण ज्या घरात थोडा तरी पैसा येतो, तिथे सातशे नसतील तर शंभराने सुरुवात करता येते. सहा वस्तूंचा विचार नको, एकीचाच करा, जिच्यावाचून घर अडते ती. पैसा महिन्याला येत नसेल तर सुगीला एकदम टाका. भात विकला की पहिल्या दिवशी, उधारी फेडायच्या आधी. आणि खर्चातून बचत कशी निघते त्याचे एक उदाहरण. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, नवा कमी विजेचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. युनिटला ६ रुपये धरले तरी वर्षाला ९७२ रुपये. महिन्याला ऐंशी रुपये त्या पंख्यानेच तुम्हाला परत दिले! तेच घसाऱ्याच्या खात्यात टाका.

बचत गट हे आपल्या भगिनींचे मोठे बळ आहे. १९९२ साली नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गावोगावी गट उभे राहिले. गटात दोन टक्के महिना व्याज असले तरी ते व्याज गटाच्याच पेटीत राहते, सावकाराच्या घरी जात नाही. मात्र आमची एक सूचना आहे. गटातून कर्ज काढून फ्रीज घेण्याऐवजी गटातच 'वस्तू बदल निधी' असे वेगळे खाते ठेवा. दहा जणींच्या दहा फ्रीज एकाच महिन्यात बंद पडत नाहीत. जिची वस्तू आधी गेली तिला त्या निधीतून आधी मिळेल. लिलावाच्या भिशीपासून मात्र दूर राहा. नोंदणी नसलेल्या भिशीचा प्रमुख पळाला तर तुमच्या हाती कागद नसतो, आणि कागदाशिवाय वकील काय करणार?

कागदावरून आठवले. वस्तू घेतली की पावती, हमीपत्र आणि दुरुस्तीची बिले एका पिशवीत जपून ठेवा. बऱ्याच फ्रीजच्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची हमी असते आणि आपण पावती हरवून तिच्यावर पाणी सोडतो. वस्तू सदोष निघाली, दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तरीही दाद मिळाली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. घरातला व्होल्टेज २३० च्या खाली-वर सहा टक्क्यांपेक्षा जास्त हलत असेल तर तीही तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. भाटघरचे धरण १९२८ पासून आपल्या तालुक्यात उभे आहे, त्याच्या पायथ्याशी वीज तयार होते. त्या तालुक्यातल्या घरात संध्याकाळी मिणमिणता दिवा का सहन करावा?

शेवटचा मुद्दा घरातल्या पुरुषांसाठी. ही बचत कुणाच्या नावावर राहील? आमचे स्पष्ट मत आहे की ते खाते पत्नीच्या नावे किंवा दोघांच्या संयुक्त नावे असावे. १० जुलै २०२४ च्या एका निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नागरत्ना यांनी गृहिणीला घरच्या पैशात वाटा आणि संयुक्त खाते असण्याची गरज आवर्जून मांडली. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या महामानवाच्या अनुयायांना हे न्यायालयाने सांगावे लागावे काय?

भगवान बुद्धांनी कोलिय दीघजाणूला गृहस्थाच्या सुखाचे चार मार्ग सांगितले. कष्टाने मिळवणे, मिळवलेले जपणे, चांगल्यांची संगत आणि समजीविता, म्हणजे आय पाहून व्यय. उधळपट्टीही नको, कंजूषपणाही नको. तळ्याला पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या असाव्यात आणि गळतीच्या वाटा बंद, असा दृष्टांत त्या सुत्तात आहे. आपण पौर्णिमेला विहारात जमतो, वंदना घेतो. त्यानंतरची दहा मिनिटे घरच्या हिशेबाच्या वहीला द्यायला काय हरकत आहे? आंबवड्याच्या चार घरांनी मिळून आम्ही गेल्या वर्षी ही सुरुवात केली. पहिल्या बैठकीत हसू झाले, दुसरीला दोन घरे वह्याच विसरून आली. तिसरीपासून मात्र बायकांनीच ती बैठक ताब्यात घेतली आहे.

आमच्या घरी आज आईच्या नावाने टपालात ठेव चालू आहे. ती दर महिन्याला पासबुक मागते, चष्मा लावून आकडा पाहते आणि परत देते. फ्रीज तसा ठणठणीत आहे. तो एक दिवस बंद पडेल हे आम्हाला माहीत आहे. त्या दिवशी इन्सुलिन मडक्यात जाईल, पण वकीलसाहेबांना हप्त्याच्या कागदावर सही करावी लागणार नाही.